दोन कळांच्या मधे

१

कोलकात्याला येऊन महिना होत आला तशी कालिंदीबाईंच्या दिवसाला घडी पडली होती. सकाळी गल्लीत मासेवाल्याची आरोळी उठली की त्या चहाचं आधण ठेवत. जावई, शंतनु, बँकेत गेला की लेकीच्या पाठीला तेल चोळत. मग मायलेकी व्हरांड्यात फेऱ्या मारत. डोक्यावरून विमान गेलं की बोलणं तोडायचं, ते लांब गेलं की तिथूनच पुढे जोडायचं, ही विमानतळालगतच्या डमडमची रीत त्यांच्याही अंगवळणी पडली होती. दुर्गापूजा संपून बरेच दिवस झाले होते, तरी कोपऱ्यावरच्या मंडपाचे बांबू अजून निघाले नव्हते. हवेत थोडा गारवा आला होता.

खरं म्हणजे मुग्धाचं पहिलं बाळंतपण साताऱ्याला, माहेरीच व्हायचं होतं. पण सातव्यात तिचं ब्लडप्रेशर चढलं, डॉक्टरांनी प्रवासाला नको म्हटलं, आणि मग माहेरच डिंकाच्या लाडवांचे डबे घेऊन गाडीत बसलं. कालिंदीबाईंचे यजमान, चारुदत्तराव, घर सांभाळायला मागे राहिले.

शंतनुचं घर जुनं होतं. एका मोठ्या घराचे मधोमध दोन भाग केलेले. इकडच्या भागात हे राहत. पलीकडचा भाग मालकांनी, नंदीबाबूंनी, कुलूप लावून ठेवला होता आणि ते स्वतः बराकपूरला राहत. कालिंदीबाई झोपत त्या खोलीत दोन्ही भागांना जोडणारं दार अजून तसंच होतं. हिरवं, उंच, आडव्या लाकडी पट्ट्यांचं. मोठाले खिळे ठोकून ते बंद केलं होतं आणि वरून इतक्या वेळा रंगवलं होतं की पट्ट्या एकमेकींना चिकटून गेल्या होत्या.

दुपारी मुग्धा आडवी झाली की कालिंदीबाई या दाराला पाठ लावून जुन्या साड्यांची दुपटी शिवत बसत. अशाच एका दुपारी त्यांच्या पाठीमागे, दारापलीकडे, कुणीतरी श्वास सोडला. बराच वेळ रोखून धरलेला, मग दातांतून तुकड्यातुकड्यांनी सोडलेला. कळ आली की बाई असा श्वास सोडते. ज्या बाईनं मूल जन्माला घातलंय तिला तो ओळखायला कुणी शिकवावं लागत नाही.

त्यांनी सुई टोचून ठेवली आणि कान दिला. काही नाही. संध्याकाळी सहज विचारल्यासारखं विचारलं, तर शंतनु म्हणाला की तिकडे कुणी राहत नाही, साधी खुर्चीसुद्धा नाही. जुनं लाकूड आहे, उन्हानं ताणतं, आवाज करतं. कालिंदीबाईंना ते पटलं. आपले कानही आता साठीचे झाले, असं त्या स्वतःशी म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवसापासून शिवणाची खुर्ची त्यांनी खिडकीपाशी ओढली.

२

कळा सुरू झाल्या त्या सकाळच्या प्रहरी. मुग्धा दात घासता घासता थांबली, बेसिन धरून वाकली आणि थोड्या वेळानं सरळ होऊन म्हणाली, "आई, हे नेहमीसारखं नाहीये." डागही दिसला होता. नर्सिंग होमला फोन केला तर त्यांनी शांतपणे सांगितलं की पहिली वेळ आहे, अवकाश आहे. कळा लागोपाठ यायला लागल्या की या. तोवर चालू दे, पाणी पिऊ दे, घरीच बरं वाटेल.

शंतनुची तारांबळ उडाली. तिजोरीची एक किल्ली त्याच्याकडे असायची आणि ती दुसऱ्या अधिकाऱ्याच्या हाती दिल्याशिवाय त्याच्या हावड्याच्या शाखेचं कामकाज सुरू होणार नव्हतं. जाऊ की नको करत तो दारात घुटमळला. शेवटी मुग्धानंच त्याला पिटाळलं. किल्ली देतो आणि तसाच फिरतो, असं सांगून तो गेला.

मग दोघीच राहिल्या. कळ आली की मुग्धा व्हरांड्याचा कठडा धरायची, कालिंदीबाई तिच्या कमरेवर तळहात गोल गोल फिरवायच्या. कळ वर चढायची, शिखरावर जरा थबकायची आणि उतरायची. उतरली की मुग्धा हसायचीसुद्धा. मधल्या वेळात तिनं दोन घास शिरा खाल्ला, बाबांना फोन केला, नावांवरून थोडा वाद घातला.

असाच एक मधला वेळ होता. मुग्धा डोळे मिटून पलंगाला टेकली होती. कालिंदीबाई दुपटी आणायला आपल्या खोलीत गेल्या.

"मा गो," दारापलीकडून आवाज आला. खोल, घशातला, दाबलेला. "ओ मा गो..."

त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. आवाज चढत गेला, शिखरावर थबकला, उतरला. तो संपला आणि इकडच्या खोलीतून मुग्धानं हाक मारली. तिची पुढची कळ आली होती.

प्रतिध्वनी असेल, असं त्यांनी ठरवलं. जुन्या घराच्या भिंती आवाज धरून ठेवतात, मग सोडतात. पण प्रतिध्वनी बंगालीत कसा येईल? मुग्धाची कळ ओसरली. त्यांनी श्वास धरून वाट पाहिली. पलीकडची सुरू झाली.

३

लेक जरा डोळा लागून पडली आहे असं पाहून कालिंदीबाई जिन्यावर गेल्या. पलीकडच्या भागाचा मुख्य दरवाजा तिथेच, समोर होता. कुलूप गंजून तांबडं झालेलं, कडीपासून चौकटीपर्यंत कोळ्याचं जाळं, जाळ्यात धूळ. कित्येक दिवसांत त्या दरवाजाला कुणी हात लावलेला नव्हता. त्यांनी दरवाजाला कान लावला. आतून काहीच ऐकू आलं नाही. त्या आपल्या खोलीत परत आल्या, तर हिरव्या दारामागे ती कण्हत होती.

एखादी बाई सरळ खोलीचं दार ओढून लेकीजवळ जाऊन बसली असती. कालिंदीबाईंनाही तेच करायचं होतं. पण मुग्धाच्या वेळी त्या स्वतः तालुक्याच्या दवाखान्यात एकट्या होत्या. आई आधीच गेलेली, सासूबाई परगावी, चारुदत्तराव बाहेर बाकावर. शेजारच्या खाटेवरच्या बाईबरोबर आलेली कुणी एक म्हातारी उठून आली होती आणि नाव गाव न विचारता तिनं त्यांची पाठ चोळली होती. ती नसती तर आपलं काय झालं असतं, हा विचार आजवर अनेकदा त्यांच्या मनात येऊन गेला होता.

त्या दाराजवळ खाली बसल्या. "डरो मत," त्या हळूच म्हणाल्या. हिंदी पुढे सुचेना, तेव्हा मराठीतच बोलू लागल्या. "घाबरू नकोस बाई. तोंड मिटू नकोस, श्वास सोड. अंग ढिलं सोड. मी आहे इथे."

कण्हणं थांबलं. पलीकडे कुणीतरी ऐकत होतं. फरशीवरून कापड ओढल्यासारखा आवाज झाला आणि दारापाशी येऊन थांबला. पट्ट्यांना पलीकडून कुणीतरी टेकलं, कारण लाकूड किंचित इकडे आलं.

"आय," पलीकडची म्हणाली.

कालिंदीबाईंना ते 'आई' असं ऐकू आलं. मग त्यांना आठवलं की खालच्या मजल्यावरच्या बाई मांजरीला 'आय, आय' म्हणून बोलावतात, आणि शंतनुनं सांगितलं होतं की बंगालीत त्याचा अर्थ 'ये'. म्हणजे ती बोलावते आहे. की आई म्हणते आहे? त्या बराच वेळ त्या एका शब्दाशी झटत राहिल्या. शेवटी त्यांच्या लक्षात आलं की कळा देणाऱ्या बाईच्या तोंडी दोन्हींचा अर्थ एकच.

"कुणाशी बोलतेस गं?" इकडून मुग्धानं विचारलं.

"कुणाशी नाही. आले."

४

दुपार चढली तशी कळांची गंमत संपली. मुग्धा आता बोलत नव्हती. कळ आली की डोळे कुठेतरी लांब लावायची आणि आतल्या आत काहीतरी ओढून धरायची. केस कपाळाला चिकटले होते. शंतनुचा फोन आला, तो पुलावर गर्दीत अडकला होता. कालिंदीबाईंनी त्याला सांगितलं की आता आलात की लगेच निघायचं.

मधली जागा आखडत चालली होती. मुग्धाची कळ, मग पलीकडची, मग मुग्धाची. कालिंदीबाई एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होत्या. तिकडे दाराला हात लावून दोन शब्द बोलायच्या, इकडे येऊन कंबर चोळायच्या. त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं की हे आपण का करतोय. वेड लागलंय म्हणावं तर हात मात्र नीट चालत होते. पाणी, ओला रुमाल, पाठ, सगळं वेळच्या वेळी. आणि एकदा तिकडे न जाऊन बघितलं तेव्हा पलीकडचा आवाज इतका केविलवाणा झाला होता की त्यांना ते सोसलं नव्हतं.

मग मुग्धाला उलटी झाली आणि ती थडथड कापू लागली. कालिंदीबाईंनी तिला निजवलं, पांघरूण घातलं. हे कापणं त्या ओळखत होत्या. यानंतर बाई म्हणते, मला नाही जमणार. ते म्हणाली की समजावं, जवळ आलं. त्या रुमाल पिळायला वळल्या.

"आई," मुग्धा रडकुंडीला येऊन म्हणाली, "आई गं, मला नाही जमणार."

"जमतंय, बाळा. जमतंय बघ," त्या म्हणाल्या आणि तिच्याजवळ बसून पाठीवर हात फिरवू लागल्या. गोल, दाबून, खाली. पाठ ताठ होती, लाकडासारखी. "सोड अंग. अगदी जवळ आलंय आता."

"आई."

हा आवाज मागून आला. शांत, जरा चकित. "मी इकडे आहे."

कालिंदीबाईंनी मान वळवली. मुग्धा खोलीच्या उंबऱ्यात, चौकट धरून उभी होती. त्या स्वतः हिरव्या दारापुढे बसलेल्या होत्या आणि त्यांचा तळहात पट्ट्यांवर गोल गोल फिरत होता. हाताला रंगाचे पोपडे चिकटले होते. इथवर आपण कधी चालत आलो, हे त्यांना आठवेना.

"मी हाका मारत होते," मुग्धा म्हणाली, आणि तिनं खाली पाहिलं. तिच्या पायांशी पाणी सांडलं होतं. पाणी फुटलं होतं आणि त्याला हिरवट, गढूळ रंग होता.

त्या रंगाचा अर्थ कालिंदीबाईंना ठाऊक होता. बाळानं पोटातच शी केली होती. ते आत घाबरं झालं होतं. त्या इतक्या झटकन उठल्या की डाव्या गुडघ्यातून कळ मस्तकात गेली.

५

शंतनु जिना चढत होता तेवढ्यात त्याला तसंच खाली पिटाळून गाडी थांबवायला लावली. मुग्धाला त्यांनी धरून जिन्यापर्यंत आणलं. चपला घातल्या, पिशवी घेतली. आतल्या खोलीतून तो आवाज येतच होता, आता मधे न थांबता, आणि तो मुग्धाचा आवाज होता. तिच्या नाकातला किंचित बसका सूरसुद्धा त्यात होता. मुग्धा मात्र त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून गप्प उभी होती.

कालिंदीबाईंनी दार ओढलं. घरातून निघताना मराठी बाई 'जाते' म्हणत नाही. जन्मभराच्या सवयीनं शब्द तोंडातून निघून गेला.

"येते हं."

आतला आवाज थांबला.

नर्सिंग होममध्ये पोटाला पट्टे बांधले, तेव्हा बाळाचे ठोके खोलीभर ऐकू येऊ लागले. कळ आली की ते मंदावत आणि कळ गेली तरी लवकर सावरत नसत. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं होतं. आता थांबायचं नाही, त्या म्हणाल्या, कळ आली की जोर करायचा. एका माणसाला आत थांबता येत होतं. मुग्धानं आईचा हात धरला, म्हणून शंतनु दाराबाहेर राहिला.

कालिंदीबाई तिच्या उशाशी उभ्या होत्या. हनुवटी छातीला लाव, श्वास धर, खाली जोर दे, असं त्या प्रत्येक कळेला सांगत होत्या. आधी जोर वाया जात होता, मग तो लागू पडायला लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, केस दिसतात. पुढच्या कळेला ठोके फार खाली गेले आणि खोलीतली सगळी माणसं एकदम भराभर हलू लागली. बाळाला ओढून घ्यायला व्हॅक्यूम लावा, असं कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात खोलीतल्या औषधांच्या वासात ओल्या चुन्याचा वास मिसळला. तळव्यांना फरशी कोमट लागली, जणू पायात चपला नव्हत्याच. त्यांच्या हातातल्या हातानं इतक्या जोरानं पकड घट्ट केली की काहीतरी गार, कठीण त्यांच्या मनगटात रुतलं. शंखाची पांढरी बांगडी होती. बंगाली सवाशिणी घालतात तसली. सिस्टरची असेल, असं त्यांच्या मनात आलं. "दे जोर," त्या म्हणाल्या. "शेवटचा. मी सोडत नाही तुला." आणि तो हात त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवला.

मग पिंजऱ्यातून पक्षी सुटावा तसं काहीतरी सुटलं. क्षणभर कुठेच आवाज नव्हता. बाळाच्या नाकातोंडातलं पाणी ओढून काढलं, पाठ चोळली, आणि ते रडलं. आधी चिडून एकदा, मग भरभरून. मुलगी होती. वार पडेपर्यंत कालिंदीबाई तिथेच भिंतीला धरून उभ्या होत्या.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आईच्या कुशीत दूध ओढायला शिकत होती. शंतनु खिडकीपाशी उभा राहून दोघींकडे बघत होता. मुग्धाचा चेहरा सुजला होता पण डोळे स्वच्छ होते. तिनं आईला जवळ बसवून घेतलं आणि हलकेच म्हणाली, "रागावले नाहीये हं मी. पण शेवटी तू गेलीस कुठे?"

"कुठे जाणार? तुझा हात धरून उभी होते."

"नाही आई. केस दिसतात म्हणाले तोवर होतीस. मग मी हात पुढे केला तर तू नव्हतीस. सिस्टरला विचारलं. ती तुझ्याबद्दलच म्हणाली, मासिमा बाहेर गेल्या." मुग्धानं मुलीला जरा वर घेतलं. "बाळ रडलं तेव्हा परत दिसलीस. भिंतीपाशी."

कालिंदीबाई शंतनुकडे वळल्या.

"बाहेर मीच होतो," तो चाचरत म्हणाला. "दाराला लागूनच. आतून कुणी बाहेर आलं नाही, आई."

मुग्धानंच विषय मिटवला. ती म्हणाली की त्या वेळी माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि आईचा हात उचलून मुलीच्या टाळूवर ठेवला. मनगटावर वळ उमटला होता, बारीक, गोल. कालिंदीबाईंनी पदर ओढून घेतला.

७

आंघोळ करून मुग्धासाठी तूप घातलेली पेज न्यायची, म्हणून त्या एकट्याच घरी आल्या. उन्हं व्हरांड्यात आली होती. आदल्या दिवशीची साडी, जांभळी, बारीक चौकटीची, त्यांनी साबणाच्या पाण्यात भिजत घातली. पेज शिजवली, डबा भरला. आपल्या खोलीत त्या मुद्दाम गेल्या नाहीत. पण चष्मा तिथे राहिला होता.

खोलीत शांत होतं. चष्मा घेऊन वळताना त्यांना ते ऐकू आलं. थप, थप, थप. हलक्या हातानं, न चुकता. मूल झोपवताना पाठीवर थोपटतात तसं.

काल चोळून चोळून एका पट्टीवरचा रंग सुटला होता. आपण बघायचं नाही, असं त्या मनाशी म्हणाल्या. पण काल एका बाळाचं रडणं त्यांनी ऐकलं होतं आणि पलीकडच्याचं ऐकलं नव्हतं. ती आठवण रात्रभर त्यांना टोचत राहिली होती. त्या वाकल्या आणि बोटानं पट्टी उचलली.

पलीकडे लाल फरशी होती, धुळीनं भुरकी झालेली, आणि तिच्यावर उन्हाचा एक चौकोन. कडेला एक बाई भिंतीकडे तोंड करून झोपली होती. ओले केस फरशीवर पसरलेले, मनगटात पांढरी बांगडी. श्वास संथ चालला होता. तिच्याजवळ दुसरी कुणी बसली होती. डावा गुडघा मोडत नसल्यासारखी, तो पाय लांब सोडून. मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि ती ते थोपटत होती. तिच्या अंगावर जांभळी, बारीक चौकटीची साडी होती.

पट्टी किंचित करकरली. बसलेल्या बाईनं मान वर केली. त्या कालिंदीबाईच होत्या. दमलेल्या होत्या, पण चेहरा समाधानी होता. त्यांनी पट्टीकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

कालिंदीबाईंनी पट्टी अलगद खाली सोडली. चवड्यांवर चालत त्या स्वयंपाकघरात आल्या. झाकण वाजू नये म्हणून त्यावर हात धरून डबा पिशवीत ठेवला. तेवढ्यात फोन थरथरला. मुग्धा होती.

"आई, निघालीस का?"

"निघतेच आहे," त्या म्हणाल्या.

"इतकं हळू का बोलतेस? ऐकू येत नाहीये."

"बाळ उठेल गं. आत्ताच झोपलंय."

फोनमधून मुलीच्या चुटुचुटु पिण्याचा आवाज येत होता.

"आई," मुग्धा म्हणाली, "बाळ माझ्याजवळ आहे. जागं आहे."

"हो गं," कालिंदीबाई तितक्याच हळू म्हणाल्या, आणि चपला हातात घेऊन जिना उतरू लागल्या.